अगदी मागं, का जरासं मागं?

"चपला कुठं काढल्या?"

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि भाड्याची खोली बघायला मी एका घरी गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बसा नाही, पाणी नाही, कुठल्या तुम्ही नाही. मी म्हटलं, "दारात."

"दारात कुठं? उंबऱ्याच्या अगदी म्होरं, का जरासं बाजूला?"

मी साताऱ्याकडची. गाड्या बदलत बदलत आले होते, डोकं तापलेलं होतं आणि स्वभाव मुळातच तिरसट. चपलांचा पत्ता सांगायला मी एवढ्या लांबून आले नव्हते. पण माणूस इतक्या गंभीरपणे विचारत होता की मी मुकाट्याने मागे वळून पाहिलं आणि म्हटलं, "अगदी पुढे."

"मग उचला आन् भिंतीच्या अगदी कडंला लावा. आमची मंडळी पाणी घिऊन यील आता. तिला दिसत न्हाई."

मी चपला उचलून भिंतीशी ठेवते आहे तोवर कळशी कमरेवर घेतलेल्या एक बाई अंगणातून सरळ चालत आल्या. माझ्या चपला होत्या नेमक्या तिथेच त्यांनी पाय ठेवला आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "नवीन बाई आल्या वाटतं. च्या टाकते." कळशीतला थेंबही सांडला नव्हता. खोली कशी आहे ते न बघताच मी ठरवून टाकलं की राहायचं इथेच.

हे घरमालक म्हणजे आमच्याच शाळेतले इंग्रजीचे सर. गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. 'अगदी मास्तर' म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी. उंच, किंचित वाकलेले, खिशाला पेन नाही पण रुमाल मात्र कडक घडीचा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता तो ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिच्याकडे बघायची सवय. "अहो सर, तुमची लुना बाहेर पडलीय," असं कुणी सांगितलं तर ते लुना उचलायला धावत नसत. आधी विचारत, "पार रस्त्यात पडलीय, का रस्त्याच्या जरासं अलीकडं?" सांगणारा वैतागून निघून जाई. पण रस्त्यात पडली असेल तर पळत जायचं आणि अलीकडे असेल तर चहा संपवून जायचं, हा त्यांचा हिशेब मला तरी कधी चुकीचा वाटला नाही.

सरांचं शिकवणं मी पहिल्यांदा ऐकलं ते भिंतीपलीकडून. माझा आठवीचा वर्ग आणि त्यांचा नववीचा यांच्यामध्ये एक पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझी पोरं प्रकाशाच्या परावर्तनापेक्षा इंग्रजीच जास्त शिकली. सर फळ्याच्या डाव्या टोकाला लिहीत 'डॉग', पार उजवीकडे लिहीत 'बिहाइंड द डोअर', आणि मधला फळा कोरा ठेवत.

"एवढी जागा का सोडलीय?"

"सर, खडू संपला आसंल," एखादं टारगट पोर म्हणे.

"आरं खडू न्हाई, अक्कल संपती तुमची हितं! कुत्रा झाला, दाराच्या मागं झालं. पण ह्या दोघांच्या मदी इंग्रज माणूस एक बारका शब्द बसवतो. डॉग राइट बिहाइंड द डोअर. डॉग जस्ट बिहाइंड द डोअर. डॉग वेल बिहाइंड द डोअर. कुत्रा त्योच, दार त्येच. पण दार उघडायचं का न्हाई, ते ह्या मधल्या शब्दावर ठरतं. राइट असंल तर चावंल."

मग त्यांनी त्या शब्दांना गावची मापं लावून दिली होती. राइट म्हणजे अंगाला अंग लागलं पाहिजे. जस्ट म्हणजे बसल्या जागेवरून हात लांबवून चहाचा कप देता आला पाहिजे. वेल म्हणजे हाक मारावी लागली पाहिजे. वे म्हणजे हाक मारून उपयोग नाही, फोनच लावावा लागेल. ऑलमोस्ट म्हणजे पाय घसरला तर तिथेच जाऊन पडशील इतकं. कुठल्या पुस्तकात ही मापं सापडायची नाहीत. पण पिंपरी पेंढारच्या पोरांना ती आजही पाठ आहेत, आणि एखादीचं लग्न ठरलं की मैत्रिणी विचारतात, "सासर जस्ट का वे गं?"

आणि एक नियम होता. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मधला शब्द घालायचा नाही. 'देअर इज अ ट्री निअर द टेंपल' असं घरबसल्या कुणीही म्हणेल, पण झाड देवळाच्या राइट बिहाइंड आहे की जस्ट बिहाइंड, ते सांगायला देवळामागे जावं लागतं. त्यामुळे सरांचा तास सुरू झाला की नववीचा वर्ग गावभर सुटे. कुणी हापशावर, कुणी सोसायटीच्या पायरीवर, कुणी टोमॅटोच्या क्रेटच्या थप्पीला हात लावून उभं. न बघता कुणी शब्द घातला तर सर त्याला चूक म्हणत नसत, खोटं म्हणत. "व्याकरणाची चूक मी माफ करीन. खोटं न्हाई."

बिबट्याची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. भर दुपारी खिडकीजवळचा एक मुलगा ओरडला, "सर! लेपर्ड! लेपर्ड बिहाइंड द टॉयलेट!" पार्टिशनच्या अलीकडे माझा वर्ग बाकावर चढला. मी दार लावायला धावले. हेडमास्तर ऑफिसातून शिट्टी फुंकायला लागले. या सगळ्या गदारोळात पलीकडून सरांचा शांत आवाज आला, "राइट बिहाइंड, का वेल बिहाइंड?"

 पोरगा म्हणे खिडकीच्या गजाला नाक लावून पाहत होता. मग म्हणाला, "वेल बिहाइंड, सर! पार उसाच्या आत शिरतोय!"

"मग बसा खाली. राइट असता तर मी सोता दार लावलं असतं."

संध्याकाळी वनखात्याची माणसं आली. ती प्रत्येकाला विचारत होती, कुठं दिसला, आणि प्रत्येक जण हात पसरून 'तिकडं' म्हणत होता. त्या मुलाने मात्र उसाच्या कुठल्या सरीच्या किती आत, बांधाच्या किती अलीकडे, ते नीट सांगितलं आणि ठसे तिथेच सापडले. पिंजरा लागला. सरांनी त्याला शाबासकी दिली नाही. "वेल इन्टु द केन म्हणायचं व्हतं, त्यानं मराठीत सांगितलं," एवढंच म्हणाले.

वर्गात मेंढपाळांची एक मुलगी होती. कांदे निघाले की वावरात मेंढ्या बसवायची इकडे पद्धत आहे. मेंढ्या रात्रभर बसल्या की जमिनीला खत मिळतं आणि त्यांच्या घराला धान्य मिळतं. आज या शेतात तर परवा त्या, असा त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, सरकत राहतो. बाकी पोरं तिला घर नाही म्हणून चिडवायची. सर मात्र रोज हजेरी झाल्यावर सगळ्यात आधी तिला उभं करत आणि विचारत, "व्हेअर इज युवर होम टुडे?"

ती लाजत लाजत सांगे, "सर, माय होम इज जस्ट बियाँड द कॅनॉल." दुसऱ्या आठवड्यात, "सर, माय होम इज ऑलमोस्ट अंडर द बिग टँक."

"बघा," सर वर्गाला म्हणत. "तुमचं घर जलमापासून एकाच जागी हाय. तुमी कदी बघितलंय का त्येच्याकडं? हिला रोज बघावं लागतं. ह्या वर्गात खरं इंग्रजी हिलाच येतं." त्यानंतर तिला कुणी चिडवलं नाही. उलट सकाळी पोरं पैज लावत, आज हिचं घर कुठं असेल.

आता सगळंच गोड बोलून चालणार नाही. सरांच्या वर्गाचा निकाल बेताचाच असे. जागा सांगणाऱ्या शब्दांत पोरं पैकीच्या पैकी आणि काळाच्या प्रकरणात बोंब. निबंध लिहायला दिला 'माय फेवरिट फेस्टिव्हल', तर पोरं देवळात कोण कुठे उभं होतं त्याचा नकाशाच लिहून काढत, सणाचा पत्ता नाही. हेडमास्तर वैतागून म्हणत, "सर, थोडं भूतकाळाचं पण बघा." त्यावर सर म्हणत, "भूतकाळ कुठं पळून चाललाय?" असल्या उत्तरांमुळे त्यांना आदर्श शिक्षक वगैरे कधी कुणी म्हटलं नाही.

घरातलं त्यांचं वागणं तर गावाला वेडेपणाच वाटे. रोज सकाळी दात घासून झाले की सर डोळे घट्ट मिटत आणि सगळ्या घरातून एक फेरी मारत. परसातून मोरीत, मोरीतून स्वयंपाकघरात, मग माजघर, ओटी, अंगण. जिथे ठेच लागली तिथे थांबून ती वस्तू तिच्या मूळ जागी ठेवत आणि मगच डोळे उघडत. मी राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी ते माझ्या बादलीवर धडपडले. मी तोंड भरून ओरडले, कारण बादलीत साबणाचं पाणी होतं. ते ओल्या लेंग्याने उठले आणि म्हणाले, "मी पडलो म्हून बरं. न्हाईतर आमची मंडळी हितं पडली असती." मी बादली कायमची खोलीत नेली.

सरांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. मंचरला, पुण्याला सगळीकडे दाखवून झालं होतं. मी गेले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण चुलीपासून तुळशीपर्यंत सगळं त्या स्वतः करत. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती त्यांनी मला दळण निवडता निवडता सांगितली. "पोरगा म्हनतो, मोशीच्या फ्लॅटात चला. चांगलाच हाय ओ तो. पर तितं मी काय करू? कोपऱ्यात ठिवल्यालं सामान व्हईन. पावणं आलं की हिकडनं उचलायचं, तिकडं ठिवायचं. हितं मी बाई हाय, या घरची."

मी विचारलं, "काकू, सरांना ही सवय तुमच्या डोळ्यांमुळे लागली का?"

त्या खळखळून हसल्या. "न्हाई गं. आदी विंग्रजी, मग माझं डोळं. देवानं आदी नवरा तयार केला आन् मग डोळं नेलं." पण मग त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. "ह्ये मातुर त्यांच्यामुळंच. माझं दिसणं नुकतंच कमी झालं व्हतं. म्या इचारलं, दुधाचं पातेलं कुठाय? मास्तर म्हनले, शेगडीच्या मागं. एवढंच. अगदी चिकटून व्हतं, ते न्हाई सांगितलं. शाळेत पोरान्ला सांगायचं आन् घरात इसरायचं! त्या रातीला जेवले न्हाईत. म्हनत व्हते, इंग्रजाला जे लागतं ते माझ्या बायकोला बी लागतं, आन् मला कळलं न्हाई."

सरांना मी हे कधी विचारलं नाही, पण एकदा त्यांनी आपणहून सांगितलं. शाळेतून येताना लुना बंद पडली होती आणि आम्ही दोघं ती ढकलत येत होतो. "मॅडम, गंमत बघा. द पॉट राइट बिहाइंड द स्टोव्ह. इंग्रज पातेल्यापास्नं निघतो आन् शेगडीकडं येतो. आपण म्हनतो, शेगडीच्या अगदी मागं पातेलं. आपण शेगडीपास्नं निघतो आन् पातेल्याकडं जातो. वाट उलटी. पण मदी थांबायची जागा येकच. मला वाटत व्हतं मी परक्याची गोष्ट शिकवतोय. ती आपल्याच घरात व्हती." मग म्हणाले, "जरा जोरात ढकला, चढ हाय." मी एम.एस्सी. झालेली, पण भाषेबद्दल इतकं साधं आणि इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस म्हणून मला ते त्या चढावर फार मोठे वाटले.

सरांचा मुलगा सुहास चाकणच्या कंपनीत. त्याची बायको प्राची बँकेत. सुहासही वडिलांच्याच वर्गात शिकलेला, आणि वडिलांनी इंग्रजीत दर वेळी मार्क कापलेला. "मधला शब्द न्हाई," एवढंच लिहीत म्हणे पेपरावर. तो अजूनही त्याचा राग धरून होता. त्या वर्षी होळीच्या सुटीत तो प्राचीला घेऊन आला तो ठरवूनच आला. ओटीवरच बोलणं झालं. मी माझ्या खोलीत होते, पण त्या घरात भिंती नावालाच होत्या.

"अण्णा, आईला काही दिसत नाही. तुम्ही बोलता म्हणून तिला दिसतं. दिवसभर तुम्ही रेडिओसारखे सांगत असता, हे इथं, ते तिथं. उद्या तुम्ही नसलात तर? गॅस आहे, विहीर आहे, बिबट्या आहे. मी तिकडं झोपू कसा?"

मला वाटलं, आता सर खवळणार.  पण ते म्हणाले, "प्रश्न बरोबर हाय."

आतून काकूंच्या हातातलं भांडं आपटल्याचा आवाज आला.

"उद्या मी घरात नसतो," सर म्हणाले. "परीक्षेला शिक्षक वर्गात थांबत न्हाई. तुझी आई मासवड्या करील. तू बघ. तिला जमलं तर पुन्यांदा विषय काढायचा न्हाई. नाय जमलं तर मी सोता सामान बांधीन."

काकूंना कुणी विचारलंच नव्हतं. पण त्या दारात येऊन म्हणाल्या, "करीन. खोबरं घिऊन या चांगलं."

मासवड्या म्हणजे या जुन्नर-आंबेगावकडचा मानाचा पदार्थ, आणि मोठा हट्टी. बेसन रटरट शिजवून घोटायचं, ते कढत असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, आणि फडक्याच्या आधाराने गुंडाळी करून दाबायची. बेसन एकदा निवलं की तडे जातात, मग ते पिठलं म्हणूनच खायचं. डोळस बायकांचीही यात फजिती होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर डोळे मिटून फेरी मारून आले आणि मग शेताच्या टोकाला कांदे साठवायची बराख आहे तिच्या सावलीत जाऊन बसले. तिथे घरातला आवाज पोचत नाही. जाताना मला बजावून गेले, "मॅडम, तुमी बी त्वांड उघडायचं न्हाई." मी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसले. सुहास माजघरात. प्राची सासूला मदत करायची म्हणून पदर खोचून आत.

काकूंनी सारण कुटलं. रश्श्याचा मसाला भाजला, वासावरून उतरवला. मधून मधून गाणं गुणगुणत होत्या. पाटावर ओलं फडकं पसरून ठेवलं, हाताने त्याचे कोपरे सारखे केले आणि बेसनाला लागल्या. कढईतून बुडबुडे फुटायला लागले. माझ्या मनात आलं, जिंकल्या काकू.

आणि प्राचीने, बिचारीने चांगल्याच मनाने, पाटावरचं ते ओलं फडकं पाट पुसायचं समजून उचललं, खळखळून धुतलं, पिळलं आणि वाळत घातलं.

काकूंनी कढई उतरवून खाली ठेवली, पाटाकडे वळल्या आणि हात फिरवला. लाकूड. पुन्हा फिरवला. "फडकं?"

"ते होय? मी धुऊन टाकलं आई. तिकडं वाळत घातलंय."

"तिकडं कुठं गं?"

"तिकडं... दोरीवर."

"कंच्या दोरीवर?"

प्राची रडकुंडीला आली. तिला चूक कळली होती आणि ती नुसतं बोट दाखवत होती. घरात दोऱ्या दोन, एक परसात आणि एक आत. बेसन निवत चाललं होतं. काकू उठायला लागल्या आणि त्यांचा हात आधारासाठी मागे गेला, जिथे कढई होती. मी लसूण टाकून उभी राहिले. ओठ दाताखाली धरून ठेवले होते, ते सुटणारच होते.

"आई, थांब!"

सुहास माझ्या अंगावरूनच आत आला होता. "हात पुढं घे. कढई तुझ्या कोपराच्या अगदी मागं आहे. आता डावीकडून उठ. फडकं आतल्या दोरीवर, खिडकीच्या जरासं अलीकडं. हां, अजून जरा वर. तेच."

काकूंनी फडकं ओढलं, पाण्यात बुडवलं, पाटावर टाकलं. बेसन थापलं, सारण पसरलं, गुंडाळी वळली. वडी कापली तेव्हा मधलं सारण एका रेषेत होतं. मग त्या जमिनीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सुहास तसाच उभा होता. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू येत होतं.

"इचार की आता," काकू म्हणाल्या. "अण्णा नसलं तर काय, इचार."

जेवायला सर आले. कुणाला काही न विचारता पानावर बसले, वडी रश्श्यात बुडवली, खाल्ली. मग म्हणाले, "कुणी बोललं का?"

"बोललं," काकू म्हणाल्या. "तुमचा मार्क कापल्याला पोरगा बोलला." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"काय बोलला, नीट सांग. शब्द सांग." सर सुहासकडे वळले. सुहासने मान खाली घालून पुन्हा सांगितलं. सरांनी दोरीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "जरासं न्हाई. दोरी खिडकीच्या चांगलीच अलीकडं हाय. अर्धा मार्क कापला." आणि मग मोठ्याने हसले, इतके की त्यांना ठसका लागला, आणि सुहासनेच उठून त्यांना पाणी दिलं. त्या घरात बापलेकाला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. मोशीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पण काकूंनीच एक नवी गोष्ट सुरू केली. रोज संध्याकाळी सुहासचा फोन येई. पूर्वी जेवलीस का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं असे. आता काकू विचारत, "कुठं बसलाय?"

"घरीच."

"घरात कुठं?"

आणि तो सांगे. सोफ्यावर. सोफा दाराच्या अगदी समोर नाही, जरासा डावीकडे. चपलांचं कपाट दाराला अगदी लागून. स्वयंपाकघराच्या जरासं अलीकडे देवघर. गॅलरीत तुळस, पार कठड्याच्या कडेला. कधी प्राची फोन घेई. तिला सुरुवातीला जमत नसे, ती 'इकडं-तिकडं' म्हणे आणि काकू तिला चिडवत. काकू डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत. सर शेजारी बसून वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत. पान उलटत नसत.

मग प्राचीला मुलगी झाली आणि बारशासाठी मोशीला जायचं ठरलं. मलाही आग्रहाने नेलं.  गाडीत सरांचा जीव वर-खाली होत होता, कारण ज्या घरात त्यांनी एकदाही डोळे मिटून फेरी मारली नव्हती, त्या घरात काकू पहिल्यांदा पाऊल टाकणार होत्या. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "माझा हात धर. मी सांगतो तसं चाल." काकूंनी तो धरला.

दार उघडं होतं. आत पाहुण्यांची गर्दी. काकूंनी चपला काढल्या, सरांचा हात अलगद बाजूला केला आणि आत गेल्या. बोटं कपाटावरून फिरली, मग सोफ्याच्या पाठीवरून. देवघरापाशी थांबून त्यांनी नमस्कार केला. पाहुणे आपोआप बाजूला सरकले. मग त्या खिडकीकडे वळल्या, कारण पाळणा खिडकीच्या अगदी खाली असतो हे त्यांना रोज फोनवर ऐकून पाठ झालं होतं. पण आज तिथे पाळणा नव्हता. फुलं लावायची म्हणून सकाळीच कुणीतरी तो हलवला होता. काकूंचा हात हवेत थांबला.

सर दारात होते. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी प्राची बोलली.

"आई, आज पाळणा सरकवलाय. खिडकीपासून डावीकडं, भिंतीच्या अगदी कडेला." काकू तिकडे वळल्या. "हां, आता तुमच्या हाताच्या जरासा पुढं. बाळाचे पाय तुमच्या बाजूला आहेत."

काकूंनी हात जरासा पुढे नेला. तो पाळण्याच्या दांडीला लागला, दांडीवरून खाली उतरला आणि बाळाच्या पावलावर जाऊन टेकला. त्यांनी ते पाऊल मुठीत धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. 

सर अजून दारातच उभे होते, स्वतःच्या चपला हातात घेऊन. त्या कुठे ठेवाव्यात हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी खाली ठेवायला ते वाकले, तेवढ्यात पाळण्याजवळून काकूंचा आवाज आला. त्यांनी मानही वळवली नव्हती.

"मास्तर, चपला दारात नगा काढू. कपाटाच्या अगदी कडंला लावा. मी येत-जात ऱ्हाणार हाय हितनं."

सरांनी चपला उचलल्या, कपाटाला लावून ठेवल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि हाताने चाचपून खात्री करून घेतली.